द्वंद्वगीतातील दुसरे पद : ‘शुक्रतारा’ आणि मराठी भावसंगीताची स्मृती

प्रास्ताविक

द्वंद्व समासात दोन्ही पदे प्रधान असतात, हे आपण शालेय व्याकरणात शिकलो आहोत. दोन गायकांनी मिळून गायिलेल्या गीतास मराठीत ‘द्वंद्वगीत’ असे म्हणतात. ‘युगुलगीत’ हा त्यास दुसरा शब्द. शब्दाची घडण पाहता अशा गीतातील दोन्ही स्वर समान तोलाचे असावयास हवेत. गीत ऐकत असताना ते तसे असतातही. परंतु गीत एकदा समाजाच्या स्मृतीत स्थिरावले की त्यातील एक पद हळूहळू गळून पडते आणि द्वंद्वाचा अव्ययीभाव होऊन जातो. म्हणजे पहिले पद तेवढे प्रधान राहते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वळले ते वर्गातील एका साध्या प्रसंगाने. पदवीच्या तृतीय वर्षास आधुनिक महाराष्ट्राचा सांस्कृतिक इतिहास शिकविताना ‘शुक्रतारा’ हे गीत विद्यार्थ्यांना ऐकविले व ते कोणाचे, असे विचारले. ‘अरुण दाते’ हे उत्तर एकमुखाने आले. गीतात दुसरा आवाजही आहे, तो कोणाचा, या प्रश्नावर वर्ग शांत झाला. नंतर हाच प्रश्न शिक्षक-कक्षात विचारला असता तेथेही फारसे निराळे घडले नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. दोनच आवाज असलेल्या आणि साठ वर्षांहून अधिक काळ ऐकल्या जाणाऱ्या गीतातील अर्धा भाग कोणी गायिला हे सुशिक्षित मराठी समाजाला सांगता येत नसेल, तर तो इतिहासाच्या अभ्यासकासाठी निश्चितच विचाराचा विषय ठरतो. या गीताचा दीर्घकालीन प्रभाव आणि त्या प्रभावाच्या छायेत झालेले हे विस्मरण यांचा एकत्र विचार येथे करावयाचा आहे.

द्वंद्वगीताची पूर्वपीठिका

मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवकाळात स्त्रीभूमिका पुरुष करीत असत. त्यामुळे नायक-नायिकांचे संवादगीत रंगमंचावर झाले तरी त्यातील दोन्ही कंठ पुरुषांचेच असत. हीराबाई बडोदेकर व त्यांच्या भावंडांची नाटकमंडळी, तसेच १ जुलै १९३३ रोजी रंगभूमीवर आलेले ‘नाट्यमन्वंतर’चे ‘आंधळ्यांची शाळा’ यांमुळे स्त्रियांनी स्त्रीभूमिका करण्यास प्रतिष्ठा लाभली. ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये केशवराव भोळे यांचे संगीत व ज्योत्स्ना भोळे यांचे गायन यांनी नाट्यपदाला भावगीताच्या जवळ आणले. स्त्री-पुरुषांचा खराखुरा स्वरसंवाद मराठी श्रोत्यांच्या कानी पडण्यास अनुकूल असा काळ येथून सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

याच सुमारास तबकड्यांनी भावगीत घरोघर पोहोचविले. वकिलीचे शिक्षण घेतलेले गो. ना. जोशी हे या क्षेत्रातील आद्य गायकांपैकी एक. त्यांच्यासमवेत ज्या तरुण गायिकेने द्वंद्वगीते ध्वनिमुद्रित केली तिचे नाव तबकडीवर ‘गांधारी हनगल’ असे छापलेले असे. याच पुढे किराणा घराण्याच्या थोर गायिका गंगूबाई हनगल (१९१३-२००९). नंतरच्या काळातील त्यांचा भारदस्त, जवळजवळ पुरुषी भासणारा स्वर ज्यांनी ऐकला आहे त्यांना या तबकड्यांवरील उंच व बारीक आवाज त्यांचाच आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही. त्यांचा तो कोवळा स्वर आज आपल्याला उपलब्ध आहे तो अशा तबकड्यांमुळेच. ध्वनिमुद्रिका हे इतिहासाचे साधन आहे, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. मात्र नाव वेगळे असल्यामुळे तबकडी हाती असूनही श्रोत्याला गायिकेची ओळख पटू नये, ही अडचणही याच उदाहरणात दिसून येते.

नाशिकच्या वाचकांसाठी येथे एक स्थानिक दाखला नोंदवावासा वाटतो. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे सुपुत्र पं. द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ मध्ये नाशिकचा. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ या चित्रपटात त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेत गायिलेले द्वंद्वगीत अनेकांच्या स्मरणात आहे. नौशाद यांचे हे गीत म्हणजे तानसेन व बैजू यांच्यातील सामना आहे आणि कथानकाच्या सोयीसाठी अमीर खाँसारख्या गायकाच्या स्वराला त्यात हार पत्करावी लागते! येथे ‘द्वंद्व’ हा शब्द त्याच्या दुसऱ्या, म्हणजे युद्धाच्या अर्थाने सार्थ ठरतो. ‘शुक्रतारा’तील द्वंद्व याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. तेथे कोणालाही जिंकावयाचे नाही.

नभोवाणीचे अंगण

‘शुक्रतारा’ ज्या भूमीत उगवले ती नभोवाणीची होती. १९५२ मध्ये बा. वि. केसकर यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते आले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची जवळजवळ हकालपट्टी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांच्या या धोरणावर टीका पुष्कळ झाली व ती बव्हंशी योग्यही होती. तथापि त्याचा एक आनुषंगिक लाभ प्रादेशिक भाषांना झाला. चित्रपटगीतांची रिकामी झालेली जागा भरण्यासाठी आकाशवाणीच्या केंद्रांना स्वतःचे सुगम संगीत निर्माण करणे भाग पडले. कवी, संगीतकार व गायक यांना एकत्र आणणारी, पगार देणारी आणि गल्ल्याची चिंता नसलेली अशी यंत्रणा मराठी भावगीताला प्रथमच लाभली. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फलित. मुंबई केंद्राशी यशवंत देव, श्रीनिवास खळे, मंगेश पाडगावकर ही मंडळी निरनिराळ्या काळात व नात्यांनी निगडित होती.

नभोवाणीच्या गीताला चेहरा नसतो. रंगभूमीवर नट दिसतो, चित्रपटात पडद्यावर नायक-नायिका दिसतात. नभोवाणीवर केवळ स्वर. दिवाणखान्यातील वा माजघरातील रेडिओमधून एक स्त्री व एक पुरुष हलक्या आवाजात परस्परांशी बोलत आहेत आणि सारे कुटुंब ते ऐकत आहे, हा अनुभव त्या काळच्या मध्यमवर्गीय मराठी घराला नवा होता. सासू-सासऱ्यांच्या देखत पतीचे नाव न घेणाऱ्या गृहिणीच्या घरात प्रीतीचा हा उच्चार सभ्यपणे प्रवेश करू शकला, याचे श्रेय ‘भावगीत’ या संज्ञेच्या प्रतिष्ठेला आणि आकाशवाणीच्या शिक्क्याला द्यावे लागेल.

गीताची घडण

‘शुक्रतारा’ १९६२-६३ च्या सुमारास श्रोत्यांपुढे आले. शब्द मंगेश पाडगावकरांचे (१९२९-२०१५), संगीत श्रीनिवास खळे यांचे (१९२६-२०११), गायक अरुण दाते (१९३४-२०१८) व सुधा मल्होत्रा (जन्म १९३६). मराठी मनाचे प्रातिनिधिक मानले गेलेले हे गीत कोठकोठल्या माणसांनी घडविले हे पाहण्यासारखे आहे. पाडगावकर वेंगुर्ल्याचे. खळे जन्माने मुंबईचे, पण वाढले व शिकले बडोद्यात. दाते इंदूरचे, रसिकाग्रणी रामूभैया दाते यांचे पुत्र, कुमार गंधर्व व के. महावीर यांच्याकडे शिकलेले, गझलेचा संस्कार घेऊन आलेले आणि पेशाने वस्त्रोद्योगातील अभियंता. सुधा मल्होत्रा पंजाबी. त्यांची मातृभाषा मराठी नव्हती. मराठी संस्कृतीच्या शुद्धतेविषयी तावातावाने बोलणाऱ्यांनी ही यादी एकदा नजरेखालून घालावी.

गीताच्या रचनेत दोन स्वरांचा तोल कसा साधला आहे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रथम पुरुषस्वर येतो. चांदणे, पाणी, वारा यांचे चित्र उभे करून तो सखीला जवळ राहण्याची विनवणी करतो. पुढचे कडवे स्त्रीस्वराचे. आपली भावना शब्दांत कशी सांगावी, असा संकोच ती व्यक्त करते, परंतु तो संकोच म्हणजे मौन नव्हे. कडव्याच्या अखेरीस तीच विनवणी ती करते. पालुपदाचे शब्द दोघांच्या मुखी एकच आहेत. बदलते ते फक्त एका विशेषणाचे लिंग. पुरुषाने मागावे व स्त्रीने लाजून होकार द्यावा, या रूढ मांडणीला पाडगावकरांनी केवळ एका प्रत्ययाच्या फरकाने बाजूला सारले आहे. मागणे दोघांचे आहे आणि ते एकाच शब्दांत आहे.

खळ्यांची चाल वरकरणी सोपी वाटते. गाण्यास घेतली की तिचा अवघडपणा कळतो. दात्यांचा आवाज नाट्यगीतासारखा फेकलेला नाही, तो बोलण्याच्या पातळीवर राहतो. दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याची जबाबदारी ध्वनिक्षेपकाने घेतल्यामुळे गायकाला कुजबुजण्याची मुभा मिळाली, हे तंत्रज्ञानाच्या इतिहासातील सत्य येथे प्रत्ययास येते. सुधा मल्होत्रांचा स्वर तितकाच संयत आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे गायक-वादकांना एकत्रच ध्वनिमुद्रण करावे लागे. एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने कडवे उचलावयाचे. हा परस्परांवरील भरवसा गीतात ऐकू येतो, असे निदान प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरे पद

सुधा मल्होत्रा यांची कारकीर्द बालवयात सुरू झाली. १९५० च्या ‘आरजू’ या चित्रपटात अनिल विश्वास यांनी त्यांना गावयास दिले. १९५९ च्या ‘दीदी’ या चित्रपटात मुकेश यांच्यासमवेत त्यांनी गायिलेले साहिर लुधियानवींचे गीत प्रसिद्ध आहे. त्याची चालही त्यांचीच होती. चित्रपटाचे संगीतकार एन. दत्ता, म्हणजे गोमंतकीय दत्ता नाईक, यांच्या आजारपणामुळे ती जबाबदारी त्यांच्यावर आली होती. एका द्वंद्वगीताची स्त्री संगीतकार, ही तत्कालीन चित्रपटसृष्टीतील दुर्मीळ बाब होय. १९६० च्या ‘बरसात की रात’मधील कव्वालीतही त्यांचा स्वर आहे. त्याच वर्षी विवाह झाल्यावर त्यांनी चित्रपटातील पार्श्वगायन थांबविले. १९८२ च्या ‘प्रेमरोग’मधील गीताचा अपवाद वगळता त्या तेथे पुन्हा परतल्या नाहीत. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

हा कालानुक्रम लक्षात घेतला की ‘शुक्रतारा’कडे पाहण्याची दृष्टी बदलते. पार्श्वगायनाचा दरवाजा ज्या विवाहाबरोबर बंद झाला त्या विवाहानंतरचे हे गीत आहे. चित्रपटाबाहेरील भावगीत ही विवाहित स्त्रीसाठी प्रतिष्ठित मानली गेलेली जागा होती, असे अनुमान यावरून काढता येते. म्हणजे ज्या मराठी भावगीताने तिला गाण्यास अवकाश दिला त्याच भावगीताच्या स्मृतीने तिचे नाव मात्र सांभाळले नाही.

असे का घडले? याचे उत्तर कोणाच्या हेतूत शोधण्यापेक्षा गीताच्या पुढील प्रवासात शोधणे इष्ट. ‘शुक्रतारा’ याच नावाने अरुण दात्यांच्या भावगीतांचे कार्यक्रम महाराष्ट्रात व बाहेरही झाले. त्यांची संख्या अडीच हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. यशवंत देवांच्या चालींतील ‘या जन्मावर’, ‘दिवस तुझे हे’ यांसारख्या गीतांनी दाते हे नाव स्वतंत्रपणे प्रस्थापित झाले. रंगमंचावर पुरुषस्वर कायम राहिला आणि सहगायिका काळानुसार बदलत गेल्या. प्रेक्षकाने ज्या गायिकेस पाहिले तिचा चेहरा त्याच्या स्मरणात राहिला. मूळ तबकडीवरचा स्वर अनामिक झाला. २०१८ मध्ये दात्यांचे निधन झाले तेव्हा शुक्रतारा मावळल्याच्या आशयाचे मथळे सर्वत्र आले. त्या भावनेत खोटे काहीच नव्हते. फक्त तो तारा दोघांचा होता.

‘गीतरामायणा’च्या बाबतीत याहून मोठ्या प्रमाणावर हेच घडले आहे. नभोवाणीवरील मूळ मालिकेत पात्रानुसार वेगवेगळे गायक होते. सीतेची गीते माणिक वर्मांनी, कौसल्येचे गीत ललिता फडके यांनी गायिले. पुढे सुधीर फडके यांनी एकट्याने केलेले कार्यक्रम व तबकड्या इतक्या लोकप्रिय झाल्या की आज सीतेची व्यथाही आपणांस बाबूजींच्याच स्वरात आठवते. बाबूजींच्या गायनाची थोरवी निर्विवाद आहे. तरीही स्त्रीपात्रांचे मूळ कंठ विस्मृतीत गेले, ही हानी हानीच आहे.

एक परदेशी समांतर

ही मराठी समाजाची खास खोड आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेत डेट्रॉइट येथील मोटाऊन या कंपनीने ऑगस्ट १९६७ मध्ये मार्विन गे व टॅमी टेरेल यांच्या द्वंद्वगीतांचा ‘युनायटेड’ हा संग्रह प्रसिद्ध केला. कृष्णवर्णीयांच्या चर्चगायनातून व ब्लूजमधून वाढलेल्या ‘सोल’ संगीतातील हा मानदंड समजला जातो. त्याआधी मार्विन गे यांनी मेरी वेल्स (१९६४) व किम वेस्टन (१९६६) यांच्यासमवेत द्वंद्वगीतांचे संग्रह केले होते व नंतर १९७३ मध्ये डायाना रॉस यांच्यासमवेत केला. येथेही पुरुषस्वर स्थिर आणि स्त्रीस्वर बदलता आहे. टॅमी टेरेल १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये एका महाविद्यालयातील कार्यक्रमात रंगमंचावरच कोसळल्या; मेंदूतील गाठीच्या आजाराने मार्च १९७० मध्ये अवघ्या २४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या १९६९ च्या अखेरच्या संग्रहात प्रत्यक्ष स्वर त्यांचा किती आणि गीतकार व्हॅलरी सिम्पसन यांचा किती, यावर आजही वाद आहे. दुसऱ्या पदाची ओळखच संशयित व्हावी, हा विस्मरणाचा आणखी एक प्रकार म्हणावा लागेल. दोन्ही परंपरांत एक भेद मात्र आहे. टेरेल यांच्या अकाली मृत्यूने त्यांच्याभोवती एक शोकगाथा निर्माण झाली व त्यामुळे नाव टिकले. सुधा मल्होत्रांच्या वाट्याला अशी गाथा आली नाही. त्या शांतपणे संसारात गेल्या.

खळ्यांचे दुसरे द्वंद्व

श्रीनिवास खळे यांनी ‘शुक्रतारा’नंतर सुमारे दोन दशकांनी, १९८० च्या दशकात, लता मंगेशकर व पं. भीमसेन जोशी यांच्या स्वरांत ‘राम श्याम गुणगान’ हा भक्तिगीतांचा संग्रह केला. गीते हिंदी असून ती पं. नरेंद्र शर्मा यांची. एकीकडे चित्रपटसंगीताने घडविलेला नाजूक, नेमका स्वर; दुसरीकडे मैफलीत तासन्‌तास रमणारा, आवर्तनाला कवेत घेणारा बुलंद स्वर. दोहोंना एका गीतात बसविणे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी ठेवण्यासारखेच होते. खळ्यांनी भीमसेनांना विस्ताराची जागा दिली आणि लताबाईंना ओळीच्या मध्यावर थांबण्याची. दोघांनीही आपला स्वभाव सोडलेला नाही.

या संग्रहाचे नाव निघाले की दोन्ही गायकांची नावे घेतली जातात. परंतु यावरून काळ बदलला असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. येथे दुसरे पद लता मंगेशकर होते म्हणून ते टिकले. हीराबाई बडोदेकर व त्यांच्या धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांनी १९६५ पासून सुमारे पंधरा वर्षे जुगलबंदी गायिली. स्त्रीगायिकांच्या जुगलबंदीचा प्रघात त्यांनी पाडला असे मानले जाते. दोन्ही स्वर स्त्रियांचेच असूनही सरस्वतीबाईंचा उल्लेख आजही बहुधा ‘हीराबाईंची बहीण’ असाच होतो. म्हणजे हा प्रश्न केवळ स्त्री-पुरुष भेदाचा नाही. जोडीत ज्याची कीर्ती आधीची वा मोठी, त्याच्याकडे स्मृती झुकते. स्त्रीच्या वाट्याला हा झुकाव अधिक वेळा प्रतिकूल येतो, इतकेच.

साधनांचा प्रश्न

सांगीतिक इतिहासाची आपली साधने बहुतांशी लिखित आहेत: आत्मचरित्रे, गौरवग्रंथ, वृत्तपत्रीय लेख. ती प्रामुख्याने ज्यांची कीर्ती टिकली त्यांच्याविषयीच बोलतात. आकाशवाणीच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. तबकड्यांवरील छापील चकती हे त्यामानाने विश्वासार्ह साधन. तीवर दोन्ही गायकांची नावे सापडतात. ध्वनिफितींच्या युगात संकलने निघू लागली तेव्हा जागेच्या वा विक्रीच्या सोयीसाठी पुष्कळदा मुखपृष्ठावर एकच नाव व छायाचित्र आले. प्रस्तुत लेखकाच्या घरी अशी एक ध्वनिफीत आहे. तिच्या वेष्टनावर ‘शुक्रतारा’ या गीतापुढे एकाच गायकाचे नाव असून वडिलांनी शाईच्या पेनाने दुसरे नाव शेजारी लिहून ठेवले आहे. ते गाणे ऐकताना आई नेहमी दुसरे कडवे म्हणत असे, पहिले कधीच नाही. तिचे ते कडवे आहे असे आम्हां भावंडांना वाटे.

वर उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक छोटे प्रकल्पकार्य दिले आहे. नाशिक शहरात व तालुक्यात ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या वा ध्वनिफिती आहेत त्यांच्याकडे जाऊन द्वंद्वगीतांची नोंद करावयाची. चकतीवर, वेष्टनावर व घरच्यांच्या आठवणीत गायकांची नावे कशी आहेत हे तीन स्वतंत्र रकान्यांत लिहावयाचे. जुन्या नाशकातील वाडे पाडले जात असताना या वस्तू प्रथम रद्दीत जातात, त्यामुळे काम लवकर करणे आवश्यक आहे. पहिल्या वह्या आल्या आहेत. पहिल्या दोन रकान्यांतील नावे पुष्कळदा जुळत नाहीत. तिसऱ्या रकान्यात एका विद्यार्थिनीने आजीचे उत्तर जसेच्या तसे लिहिले आहे: नाव आठवत नाही, आवाज आठवतो.